घासाची एक पेंढी

वाळवलेला लसूणघास कडब्यासारखा दुरून पारखता येत नाही. पेंढी सोडावी लागते, हुंगावी लागते.

माझ्यासमोरची पेंढी ‘आरएल ८८’ची, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वाणाची. वरून पिवळट आहे, आणि घाईचं गिऱ्हाईक इथेच परत फिरतं. उन्हाने वरच्या थराचा रंग उडतो, त्यासोबत कॅरोटीनही जातं. पण खरा रंग आत असतो. बंद सोडला, तर आत सावलीत वाळवलेल्या मेथीचा हिरवेपणा.

मग पाला. या घासातल्या प्रथिनांचा मोठा वाटा, साधारण दोन तृतीयांश, पाल्यातच असतो आणि नेमका तोच हातचा जातो. काडीत अजून ओल असते तेव्हा पाला वाळून चुरचुरीत झालेला असतो. भर दुपारी घास उलटला की पाला रानात झडतो अन् घरी काड्या येतात. म्हणून जाणता माणूस सकाळी, दव अंगावर असतानाच घास उलटतो. ही पेंढी मी गोणपाटावर आपटून पाहिली. खाली पडला चिमूटभर चुरा. तीन-तीन पानं अजून काडीला धरून होती. कुणीतरी पहाटे उठून केलेलं काम आहे हे, आणि मला ते फार देखणं वाटतं.

जांभळी फुलं मोजकीच. दहातल्या एका झाडाला फूल दिसलं की विळा लावावा. थांबलं तर वजन वाढतं खरं, पण काडी लाकडासारखी होते. शंखासारख्या पीळदार शेंगा दिसल्या, की उशीर झालाच. इथे एकही शेंग नाही. अमरवेलीचे पिवळे दोरेही नाहीत. ते असते तर मी पेंढी दारात घेतली नसती, कारण अमरवेलीचं बी शेणखतातून पुन्हा रानात जाऊ शकतं.

काडी वाकवली, काडकन मोडली. ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास हवा. ओला बांधलेला घास आतून तापतो. कुबट वास आला तर बुरशी, तो कुणालाही कळतो. फसवतो तो दुसरा वास, काकवीसारखा, तंबाखूच्या अंगाचा. असा तपकिरी घास गाय आवडीने खाते आणि मालक खूश होतो. पण तापताना प्रथिनं साखरेशी बांधली गेलेली असतात, ती तिच्या अंगी लागत नाहीत. ‘जनावर खातंय ना,’ एवढी पारख म्हणूनच मला पुरत नाही.

या पेंढीत नाक खुपसलं, तर कापल्या दिवसाचा वास अजून आहे. मी भाव न पाडता भारा घेतला. गोणपाटावरचा तो चिमूटभर चुराही ओंजळीत गोळा करून गव्हाणीत टाकला.