पाळण्यातून दिसणारे ठिपके

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने जत्रेतल्या पाळण्यावर काय बोलायचं? पण मी ज्या पाळण्याबद्दल बोलणार आहे तो जत्रेबरोबर गाव सोडून जाणारा नाही. व्हिएन्ना शहरातल्या प्राटर या बागेत तो १८९७ पासून एकाच जागी उभा आहे. तिथे त्याला 'रीझनराड' म्हणतात, म्हणजे महाचक्र. माझा प्रश्न साधा आहे. एखादं चाक शहराची खूण केव्हा होतं?

पहिलं उत्तर सुचतं ते उंचीचं. १८८९ च्या आयफेल टॉवरला तोडीस तोड काहीतरी हवं, म्हणून १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फुटांचं चाक उभं केलं. छत्तीस डबे, एकेका डब्यात साठ माणसं. म्हणजे एका वेळी दोन हजारांवर माणसं हवेत! इंग्रजीत या पाळण्याला आजही फेरिसचंच नाव आहे. पण त्याचं चाक कुठे आहे? १९०६ मध्ये सेंट लुईस इथे सुरुंग लावून ते पाडलं. अलीकडचं उदाहरण घ्या. 'ऐन दुबई' हे अडीचशे मीटरचं चाक ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं, पुढच्या मार्चमध्ये बंद पडलं आणि दोन वर्षांहून जास्त काळ नुसतं उभं राहिलं. व्हिएन्नाचं चाक जेमतेम पासष्ट मीटरचं. तेव्हा उंचीने काही सिद्ध होत नाही.

हे चाक टिकलं ते योगायोगाने. सम्राट फ्रान्झ जोसेफच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं होत आली होती, त्या निमित्ताने वॉल्टर बॅसेट या इंग्रज अभियंत्याने ते बांधलं. त्याने लंडन, ब्लॅकपूल आणि पॅरिसलाही अशी चाकं बांधली. ती तिन्ही मोडीत गेली. याचंही तेच व्हायचं होतं. १९१६ मध्ये पाडण्याची परवानगी निघाली होती, पण पाडायला पैसे नव्हते. पुढे एदुआर्द श्टायनर या प्रागच्या व्यापाऱ्याने ते विकत घेतलं. घेतलं होतं पाडण्यासाठी, पण त्याने ते भाड्याने दिलं आणि चाक फिरत राहिलं. श्टायनरचं नाव लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता या चाकाला जगभर पोहोचवणाऱ्या सिनेमाकडे येऊ. 'द थर्ड मॅन', १९४९. दिग्दर्शक कॅरोल रीड, पटकथा ग्रॅहम ग्रीनची. युद्धाने उद्ध्वस्त झालेलं व्हिएन्ना. हॅरी लाइम, म्हणजे ऑर्सन वेल्स, चोरलेल्या पेनिसिलिनमध्ये भेसळ करून विकतो आणि त्याने मुलं मरतात. त्याचा मित्र मार्टिन्स त्याला जाब विचारायला येतो. कुठे? तर या चाकाच्या डब्यात. लाइम वरून खाली बोट दाखवतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की ते खाली हलणारे ठिपके बघ. त्यातला एखादा थांबला तर तुला खरंच वाईट वाटेल का? आणि एका ठिपक्यामागे भरपूर पैसे मिळणार असतील तर?

हा प्रसंग गाजला तो वेल्सच्या मोहकपणामुळे, असं समीक्षक सांगतात. ते खरंच आहे. पण माझ्या मते तिथला खरा युक्तिवाद चाक करतं. हेच वाक्य लाइमने रस्त्यावर उभं राहून म्हटलं असतं तर ते निव्वळ निर्लज्ज वाटलं असतं. वरून ते क्षणभर पटतं, कारण आपल्यालाही ठिपकेच दिसत असतात. मिशेल द सेर्तो या फ्रेंच विचारवंताने न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या माथ्यावरून पाहताना हेच ओळखलं होतं. वरून शहर एखाद्या मजकुरासारखं वाचता येतं, पण वाचणारा त्या शहरात उरत नाही. शहर घडवतात ते खाली चालणारे.

सिनेमा लाइमला उत्तर देतो, पण शब्दांनी नाही. पुढे मार्टिन्सला मुलांच्या वॉर्डात नेलं जातं. कॅमेरा आपल्याला मुलांचे चेहरे दाखवत नाही, फक्त मार्टिन्सचा चेहरा दाखवतो. खाटेशी उभं राहिल्यावर ठिपका उरत नाही. इथपर्यंत सिनेमा मला मोठा वाटतो.

आता त्याची मर्यादा. ज्या चाकात हा संवाद घडतो, त्या चाकाचा मालक श्टायनर ज्यू होता. १९३८ मध्ये नाझींनी ते त्याच्याकडून हिसकावून घेतलं. १९४४ मध्ये आउश्वित्झला त्याची हत्या झाली. म्हणजे माणसाला ठिपका समजणारं तत्त्वज्ञान या चाकाने लाइमच्या आधी, प्रत्यक्ष भोगलं होतं. सिनेमात याचा उच्चारही नाही. दुष्टपणा एका देखण्या गुन्हेगाराच्या खिशात घालून तो मोकळा होतो. तो गुन्हेगार गटारात मारला जातो आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. पण श्टायनरचा जीव एकट्यादुकट्या गुन्हेगाराने घेतला नव्हता. त्यामागे कार्यालयं होती, शिक्के होते, याद्या होत्या.

चाकावर मात्र त्या काळाची खूण आहे. युद्धात ते जळालं, १९४७ मध्ये पुन्हा फिरू लागलं. पण पूर्वी तीस डबे होते, परत बसवले ते पंधराच. एक आड एक जागा रिकामी. कारण तांत्रिक होतं, सांगाड्यावर भार नको म्हणून. तरी मला विचाराल तर हे चाक व्हिएन्नाची खूण झालं ते त्या रिकाम्या जागांमुळे. शहराला जे बोलायचं नव्हतं, ते तिथे दिसत राहिलं.

मग लंडन आयचं काय? मार्क्स आणि बारफील्ड या वास्तुविशारद जोडप्याचं ते चाक देखणं आहे. १३५ मीटर, ३२ काचेच्या कुप्या, अर्ध्या तासात एक फेरी. सुरुवातीला परवानगी होती पाच वर्षांची, पण लंडनने ते ठेवून घेतलं. माझी तक्रार एवढीच, की त्या बंद कुपीत खालचा आवाज वर येत नाही. ठिपके आणखी मुके होतात.

आपल्याकडेही २०२० च्या सुरुवातीला वांद्र्याला 'मुंबई आय' उभारायची चर्चा निघाली होती. होईल किंवा न होईल. पण कुणी असा प्रस्ताव मांडला, की आपण लगेच विचारतो, किती उंच? तिकीट किती? मी म्हणेन, आधी हे विचारा की वरून ठिपके म्हणून कोण दिसणार? माहीमच्या खाडीकाठी राहणारे कोळी? धारावीच्या छपरांखाली काम करणारे? ते वर बसणार आहेत, की फक्त दिसणार आहेत?

मराठीत या यंत्राला आपण पाळणा म्हणतो, आणि त्याच्या जातीचा जुना शब्द रहाट. रहाटाचं गाडगं वर राहायला जात नाही. वर येतं, रितं होतं, खाली जातं. मनोऱ्यावर माणूस हवा तेवढा वेळ थांबू शकतो, पाळण्यात नाही. लाइमलाही शेवटी खाली उतरावंच लागलं. उंचीवरून सुचलेला विचार खाली उतरल्यावर टिकतो का, हे तपासायला त्याहून चांगलं यंत्र मला माहीत नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.