नेम धरण्याआधी

मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांचं ‘स्नायपिंग इन फ्रान्स’ हे पुस्तक 1920 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालं. नाव ऐकून अचूक नेमबाजांच्या शौर्यकथा डोळ्यांपुढे येतात. पुस्तकात त्या आहेतही. पण माझं मन दर वाचनात रेंगाळतं ते रायफलीवरच्या दुर्बिणीच्या तपासणीपाशी.

प्रिचर्ड यांचा जन्म 1876 चा, झाशीतला. सैन्यात अधिकारी असलेले वडील त्यांच्या जन्माआधीच वारले. पुढे प्रिचर्ड हॅम्पशायरकडून वेगवान गोलंदाजी करणारे क्रिकेटपटू झाले, पॅटागोनियात भटकले, शिकारी आणि कथालेखक म्हणून नावाजले. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, युद्धवार्ताहरांसोबतचे अधिकारी म्हणून ते फ्रान्सला गेले, तेव्हा जर्मन नेमबाज खंदकातून वर आलेलं प्रत्येक डोकं टिपत होते. दुर्बिणीच्या रायफली ब्रिटिश पलटणींकडेही होत्या. त्या झिरो कशा करायच्या, म्हणजे दुर्बीण जिथं बघते तिथंच गोळी लागेल अशा कशा जुळवायच्या, हे मात्र फारसं कुणी शिकवलंच नव्हतं. प्रिचर्ड एकेका तुकडीकडे जाऊन रायफली स्वतः झाडून पाहू लागले. कितीतरी दुर्बिणी एकीकडे बघत होत्या आणि गोळी दुसरीकडे जात होती.

ही चूक किती सूक्ष्म असते, याचा हिशेब करून पाहावा. दुर्बिणीच्या दोन टेकूंमध्ये पाच इंच अंतर धरू. त्यातला एक टेकू केसाच्या जाडीइतका, म्हणजे इंचाच्या तीन हजारांशानं सरकला, तर 200 यार्डांवर गोळी चार इंचांहून जास्त बाजूला जाते. कपाळाच्या मध्यावर धरलेला नेम कानाजवळून निघून जातो. असा धक्का बसायला लढाई लागत नाही. रायफल खंदकाच्या भिंतीला आपटली, एका हातातून दुसऱ्या हातात गेली, तरी पुरे. आणि सैनिक समजतो की आपलाच हात थरथरला.

या ठिकाणी प्रिचर्ड यांची लेखणी मला फार मोठी वाटते. ते सैनिकाला नावं ठेवत नाहीत. आधी अवजार तपासा, मग माणूस, असा त्यांचा क्रम आहे. गद्यही तसंच: काय दिसलं, काय करून पाहिलं, काय निघालं. 1916 मध्ये लिंगेम गावी त्यांनी उभारलेल्या नेमबाजांच्या शाळेच्या वर्णनात विशेषणं कमी आणि कृती जास्त आहे. कागदाच्या लगद्याचं डोकं खंदकावर हळूच वर करायचं, त्याला गोळी लागली की पुढच्या-मागच्या भोकांच्या रेषेत पेरिस्कोप लावून शत्रू कुठं दडलाय ते शोधायचं. ही युक्ती वाचताना हुशारीचं कौतुक वाटतं. त्याच क्षणी हेही जाणवतं की या लगद्याच्या जागी आजवर खरी डोकी होती. लेखक ते बोलून दाखवत नाही, म्हणून ते अधिक लागतं.

मांजराचं प्रकरण या सगळ्याचा कळस आहे. शत्रूच्या खंदकावर एक मांजर निवांत ऊन खात असलेलं दिसतं. निरीक्षक दुर्बिणीतून ते पाहतो, नोंदवतो. मांजर आहे म्हणजे तिथं मुक्काम आहे, बहुधा अधिकाऱ्यांचा, असा तर्क होतो आणि तोफांना त्या जागेचा पत्ता मिळतो. घराची आठवण करून देणारा तो जीवच मरणाची खूण ठरतो. वीररसाच्या पुस्तकात करुण इतक्या दबक्या पावलांनी क्वचितच येतो. नीट पाहणं हे पुण्यही आहे आणि ओझंही, हे मला याच पानांनी शिकवलं.

प्रिचर्ड 1922 मध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड नंबर 4 टी या रायफलीच्या लाकडी दस्त्यावर तिच्याच दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असे, कारण एका रायफलीशी जुळवलेली दुर्बीण दुसरीवर चालत नाही. लाकडात उमटलेले ते आकडे मला याच पुस्तकाच्या पुढच्या ओळीसारखे वाटतात: विश्वास ठेवायचा, पण तो तपासून, आणि धक्का बसला की पुन्हा तपासून.