बारा खणांचा तक्ता

इंग्रजी काळांचा बारा खणांचा तक्ता आपल्या शाळांत इतका रुळला आहे की, त्याची चिकित्सा करावी असे सहसा कुणाला वाटत नाही. वर्तमान, भूत, भविष्य हे तीन काळ. प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण असे चार प्रकार. तीन चोक बारा. हा तक्ता घडाघडा म्हणणारा विद्यार्थीही 'डिड ही वेंट?' असे लिहितो आणि आपण त्याला निष्काळजी ठरवतो. आमच्या मते दोषाचा मोठा वाटा तक्त्याकडे जातो.

विज्ञानात कोणत्याही तक्त्याला आपण दोन प्रश्न विचारतो. मांडणीमागचा नियम त्यात दिसतो का? आणि जे बसायला हवे ते सारे त्यात बसते का?

आधी नियम पाहू. इंग्रजीत क्रियापदांची रांग ठरलेली असते. प्रथम विल, कॅन यांच्यासारखे एखादे सहायक, मग हॅव, मग बी आणि शेवटी मुख्य क्रियापद. मुख्य क्रियापदाखेरीज इतर कोणीही गैरहजर राहू शकते, पण क्रम मोडत नाही. प्रत्येक सहायक आपल्या लगेच पुढच्या शब्दाचे रूप ठरवते. विलच्या पुढे मूळ रूप (राइट), हॅवच्या पुढे तिसरे रूप (रिटन), बीच्या पुढे आयएनजीचे रूप (रायटिंग). काळ मात्र रांगेतल्या पहिल्या शब्दावरच आणि एकदाच दिसतो. 'हॅड बीन रायटिंग' घ्या. हॅडवर भूतकाळ आहे. हॅवमुळे बीचे बीन झाले आणि बीमुळे राइटचे रायटिंग. नोम चॉम्स्की यांनी 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' (१९५७) या छोटेखानी पुस्तकात हा सारा व्यवहार एका ओळीच्या सूत्रात बसवला.

आता गणती करू. काळाची रूपे २, वर्तमान आणि भूत. विल, हॅव आणि बी यांपैकी प्रत्येक असेल किंवा नसेल. म्हणजे २ × २ × २ × २ = १६ रचना. तक्त्यात मात्र १२ आहेत. उरलेल्या ४ कोणत्या? वुड राइट, वुड बी रायटिंग, वुड हॅव रिटन, वुड हॅव बीन रायटिंग. वुड हे विलचेच भूतकाळी रूप. तक्त्यात त्याला जागा नाही, म्हणून ते अप्रत्यक्ष कथनाच्या धड्यात 'विलचे वुड होते' असा सुटा नियम बनून येते आणि मुलांना आणखी एक पाठांतर करावे लागते.

भविष्यकाळाचा खणही तपासण्याजोगा आहे. मराठीत 'लिहील' हे धातूला प्रत्यय लागून झालेले खरे भविष्यकाळी रूप आहे. इंग्रजी क्रियापदाला असे रूपच नाही. तिथे विल, गोइंग टू, कधी साधा वर्तमानही ते काम करतो. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या बृहद् व्याकरणानेही रूपाच्या दृष्टीने इंग्रजीत दोनच काळ मानले आहेत.

आता 'डिड ही वेंट?'कडे वळू. प्रश्न करताना पहिले सहायक कर्त्याच्या आधी जाते. सहायकच नसेल तर काळ वाहून नेण्यासाठी डू येते. डिडने भूतकाळ उचलला की गो मूळ रूपात मोकळे राहते. 'डिड वेंट'मध्ये काळ दोनदा आला, एवढीच ती चूक. तक्ता पाठ करून ती सुटत नाही, कारण 'काळ एकदाच' हे तक्ता कुठेच सांगत नाही.

गंमत अशी की, मराठी मुलाला ही यंत्रणा अपरिचित नाही. 'लिहीत होता' यात काळ 'होता'वर आहे आणि नकारही तिथेच बसतो: 'लिहीत नव्हता'. इंग्रजीतही 'वॉज नॉट रायटिंग'. फरक एवढाच, की आपला काळ रांगेच्या शेवटी, त्यांचा सुरुवातीला.

सूत्राच्या उणिवाही सांगायला हव्यात. रचना कशी होते हे ते सांगते; कोणती केव्हा वापरावी यावर ते गप्प आहे. 'आय हॅव लॉस्ट माय की' चालते, पण त्याला 'येस्टरडे' जोडले की का चालत नाही, याचे उत्तर अर्थातच शोधावे लागते. शिवाय बी एकटे, मुख्य क्रियापद म्हणून आले तरी सहायकासारखे वागते. 'इज ही अ टीचर?' यात डू लागत नाही. हे अपवाद लपवू नयेत.

तक्ता फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. विल, हॅव, बी आणि राइट यांच्या रूपांच्या चिठ्ठ्या मुलांच्या हाती द्याव्यात, नियम सांगावा आणि रचना त्यांनाच जुळवू द्याव्यात. सोळा रचना हाती आल्यावर बारा खणांचा तक्ता पुढे ठेवावा आणि विचारावे, यात काय राहिले? ज्या वर्गात हा प्रश्न विचारला जाईल, तिथे व्याकरणाच्या तासाला विज्ञानही शिकवले जाईल.