फ्रायर लॉरेन्स
फ्रायर लॉरेन्स : विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याच्या रोमिओ अँड ज्यूलिएट (सु. १५९५) ह्या शोकात्मिकेतील एक प्रमुख व्यक्तिरेखा. व्हेरोना नगरातील हा फ्रान्सिस्कन साधू रोमिओचा धर्मगुरू व विश्वासू सल्लागार आहे. प्रेमिकांचा गुप्त विवाह तोच लावतो आणि त्यांच्या वियोगावर त्याने योजिलेला उपायच अखेर त्यांच्या मृत्यूस निमित्त होतो. सद्हेतूने वागणारा मार्गदर्शक शोकात्म नाट्यात कोणते कार्य करतो, ह्याचे ही व्यक्तिरेखा लक्षणीय उदाहरण आहे.

नाटकाचे कथानक मुख्यतः आर्थर ब्रुकच्या १५६२ मधील इंग्रजी कथाकाव्यावर आधारलेले आहे. ब्रुकने प्रास्ताविकात अशा साधूंवर कठोर टीका केली असली, तरी काव्यात त्याचा साधू सहानुभूतीनेच रंगविलेला आहे. शेक्सपिअरने तो रोष वगळला आणि काही महिन्यांचे कथानक चार-पाच दिवसांत आणले. परिणामतः सबुरीचा उपदेश करणाऱ्या साधूलाच प्रत्येक निर्णय घाईने घ्यावा लागतो.

दुसऱ्या अंकात तो प्रथम दिसतो, तो पहाटे वनस्पती गोळा करताना. एकाच फुलात विष आणि औषध दोन्ही वसतात, हे त्याचे चिंतन पुढील घटनांचे सूचन करते. रोमिओच्या चंचलतेबद्दल त्याला दटावूनही तो विवाहास संमती देतो. कारण ह्या संबंधातून माँटेग्यू व कॅप्यूलेट घराण्यांचे वैर मिटेल, अशी त्याला आशा वाटते. हेतू सार्वजनिक सलोख्याचा, पण साधन गुप्ततेचे, ही विसंगती येथेच सुरू होते.

टिबल्टच्या वधानंतर रोमिओ हद्दपार होतो व ज्यूलिएटचा पॅरिसशी विवाह ठरतो. तेव्हा दाई तिला पॅरिसला वरण्याचा व्यवहारी सल्ला देते. साधू मात्र तिची साथ सोडत नाही. ४२ तास मृतवत् ठेवणारे औषध तो तिला देतो व वडिलांपुढे खोटी संमती दर्शविण्यास सांगतो. ह्या संमतीने हर्षभरित झालेला कॅप्यूलेट विवाह एक दिवस अलीकडे आणतो आणि निरोप पोहोचविण्यास असलेला अपुरा अवधी आणखी घटतो. पुढे प्लेगच्या संशयामुळे फ्रायर जॉन एका घरात कोंडला जातो व पत्र मँटुआस पोहोचतच नाही. योजना केवळ दैवाने फसते असे नाही. तिच्यातील कपटही तिच्या नाशास हातभार लावते.

साधूच्या वर्तनाचा सर्वांत वादग्रस्त क्षण थडग्यातील आहे. बाहेरची चाहूल लागताच, जाग्या झालेल्या ज्यूलिएटला रोमिओच्या शवाजवळ एकटी सोडून तो पळतो. औषध घेण्यापूर्वी ज्यूलिएटच्या मनात त्याच्या हेतूविषयी शंका येऊन जाते. ती शंका निराधार ठरते. पण त्याच्या धैर्याविषयीचा आपला विश्वास अखेरीस टिकत नाही. नंतर तो सर्व हकीकत कबूल करून शिक्षेस सिद्ध होतो; राजा मात्र त्याच्या साधुत्वाचा निर्वाळा देतो. हा निर्वाळा प्रेक्षकाला पूर्णतः पटत नाही. विवाह उघड करण्याचे नैतिक बळ ज्याच्यापाशी होते, त्यानेच ते वापरले नाही, हा प्रश्न मागे उरतो.

अशीच खोट्या मृत्यूची युक्ती शेक्सपिअरच्या मच अडू अबाउट नथिंग (सु. १५९८) ह्या सुखात्मिकेत फ्रायर फ्रान्सिस सुचवितो व ती सफल होते. सुखात्मिकेत काळ चुका सुधारण्यास अवसर देतो. येथे तो देत नाही. लॉरेन्स हा सुखात्मिकेचा सूत्रधार शोकात्मिकेत अडकल्यासारखा भासतो, तो ह्यामुळेच. त्याने इच्छिलेला सलोखा घडतो, परंतु दोघांच्या शवांवर. फ्रेंच संगीतरचनाकार बेर्लिओझ याने आपल्या रोमेओ ए ज्यूलिएत (१८३९) ह्या नाट्यात्मक सिंफनीच्या अखेरीस हा सलोखा साधूच्याच मुखी घातला, हे ह्या व्यक्तिरेखेचे मर्म जाणूनच होय.