प्रसरणशील पृथ्वी आणि द्रव्याचे बंध : एका उपेक्षित सिद्धान्ताची चिकित्सा

प्रास्ताविक :
पृथ्वी पूर्वी लहान होती व ती फुगत गेल्यामुळे खंड एकमेकांपासून दूर गेले, असे प्रसरणवादी मत आहे. ऑट हिल्गेनबर्ग यांनी १९३३ मध्ये आणि टास्मानियाचे भूशास्त्रज्ञ एस. वॉरेन केरी यांनी १९५६ नंतर ते हिरिरीने मांडले. भूपट्ट सिद्धान्ताच्या स्वीकारानंतर हे मत मागे पडले. तथापि त्याचे आकर्षण ओसरलेले नाही. त्याची केवळ हेटाळणी करणे हे अध्यापकाचे कर्तव्य नव्हे. ते कोठे चुकते, हे दाखविणे अगत्याचे आहे.

प्रतिपादनाचे परीक्षण :
आजची सर्व खंडे लहान गोलावर सलग बसवावयाची तर पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटरऐवजी सुमारे ४००० किलोमीटर मानावी लागते. वस्तुमान तेवढेच राहिले असे धरल्यास सरासरी घनता चौपट, म्हणजे शिशाच्या जवळजवळ दुप्पट होते आणि पृष्ठभागावरील गुरुत्व अडीच पट ठरते. वस्तुमान वाढले म्हणावे, तर ते आले कोठून? हिल्गेनबर्ग यांच्या मते गुरुत्व म्हणजे द्रव्यात शोषला जाणारा ईथरचा प्रवाह होय व त्यातूनच द्रव्य वाढते. येथे एका अज्ञाताचे स्पष्टीकरण दुसऱ्या अज्ञाताने केले जाते.

याच प्रश्नाची गंभीर बाजू मराठी वाचकास परिचित असलेल्या जयंत नारळीकरांच्या कार्यात आढळते. फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या गुरुत्व सिद्धान्तात कणाचे वस्तुमान विश्वातील इतर सर्व कणांशी असलेल्या संबंधातून निर्माण होते. पुढे, १९७१-७२ च्या सुमारास, गुरुत्व स्थिरांक काळानुसार घटत असल्याची शक्यताही त्यांनी विचारात घेतली. गुरुत्वाची पकड सैल झाल्यास पृथ्वी किंचित प्रसरण पावेल. परंतु ही घट वर्षाला दहा अब्जांत एक भाग धरली, तरी त्रिज्येतील वाढ वर्षाला एक दशांश मिलिमीटरहून कमी येते. केरींच्या चित्रास वीस कोटी वर्षांत वर्षाला सुमारे १२ मिलिमीटर वाढ हवी. ही तफावत शंभर पटींहून अधिक आहे.

प्रत्यक्ष पुरावा :
२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहाधारित मोजणीत त्रिज्येतील बदल वर्षाला ०.१ मिलिमीटर आढळला. मोजणीतील अनिश्चितताच ०.२ मिलिमीटर होती. चंद्रावरील परावर्तकांच्या साह्याने केलेल्या लेसर मापनाने स्थिरांकाची घट उपरोक्त वेगाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असल्याचे दाखविले. वऱ्हाडच्या भूमीखालील काळा बेसाल्टही साक्षीदार आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या दख्खनच्या लाव्हातील चुंबकत्वावरून भारत तेव्हा दक्षिण गोलार्धात होता, हे सिद्ध होते. भारत व आशिया यांमधील विस्तीर्ण टेथिस समुद्रास प्रसरणवादात जागाच उरत नाही.

निष्कर्ष :
नारळीकरांची कल्पना आणि ईथरवाद्यांची कल्पना या दोन्ही प्रस्थापित मताविरुद्ध होत्या. भेद धाडसाचा नाही, कसोटीचा आहे. पहिलीने मोजता येईल असा आकडा पुढे केला, म्हणून ती तपासता आली. दुसरी प्रत्येक आक्षेपागणिक नवे गृहीतक जोडत गेली. चुकीच्या ठरलेल्या सिद्धान्तालाही विज्ञानात मान असतो. चूक ठरण्याची वाटच बंद करणाऱ्या सिद्धान्ताला मात्र तो मिळत नाही. वर्गात हा भेद आकडेमोडीसह उलगडून दाखविल्यास विद्यार्थ्यास वैज्ञानिक दृष्टिकोनाची व्याख्या पाठ करण्याची गरज उरणार नाही.