विराट मंच आणि लहान मंडळे : पालघरच्या अनुभवाच्या प्रकाशात

समाजमाध्यमांच्या विराट मंचावरून लहान, परिचित मंडळांकडे वळण्याची जी प्रवृत्ती अलीकडे दिसून येते, तिचे समर्थन बहुधा एकाच मुद्द्यावर केले जाते : लहान मंडळात जिव्हाळा असतो. हे समर्थन अपुरे आहे. पालघर जिल्ह्याच्या गेल्या काही वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे ते काहीसे धोक्याचेही वाटू लागते.

प्रथम विराट मंचाचा विचार करू. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाल्यानंतर जो बंद पाळला गेला, त्याविषयी पालघर (ते त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते) येथील एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्यांस पसंती दर्शविली. १९ नोव्हेंबरला दोघींनाही अटक झाली, आणि लिहिणारीच्या नातलगाच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. या अटकेतून उद्भवलेल्या याचिकेवर, श्रेया सिंघल खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द ठरविले. कायद्याचा दोष अशा रीतीने दूर झाला. मंचाच्या रचनेतील दोष मात्र तसाच राहिला. तेथे माणूस ओट्यावरच्या सुरात बोलतो आणि त्याचे बोलणे चव्हाट्यावर ऐकले जाते. बोलणाऱ्याला श्रोता दिसत नाही, आणि श्रोत्याला बोलण्याचा प्रसंग ठाऊक नसतो.

यावर उपाय म्हणून स्थलांतराचा मार्ग पुढे आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ विधिज्ञ संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केल्यावर अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनचा आश्रय घेतला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलल्यावर जगभर तेच घडले. मॅस्टोडॉन म्हणजे एक संस्था नव्हे. परस्परांशी दळणवळण ठेवणाऱ्या, पण आपापले नियम व व्यवस्थापक असणाऱ्या अनेक स्वतंत्र ठिकाणांचा तो समूह होय.

मराठी वाचकास येथे साठीच्या दशकातील अनियतकालिकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९५४ मध्ये निघालेला ‘शब्द’, पुढे ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’, आणि १९६९ मध्ये झालेले ‘सत्यकथे’चे दहन ही परंपरा सर्वज्ञात आहे. परंतु हे साम्य फार ताणता येत नाही. अनियतकालिकवाले बाहेर पडले ते प्रस्थापित मासिकाचे दार फार अरुंद होते म्हणून. आजचा मनुष्य बाहेर पडतो तो मंचाला दारच नाही म्हणून. त्याहून महत्त्वाचे असे, की अनियतकालिक कितीही बंडखोर असले तरी छापलेल्या शब्दाची जबाबदारी कोणाची हे बहुधा लपत नसे.

ही जबाबदारी नसेल तर लहानपणा निरुपयोगी ठरतो. १६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा त्या भागात आधीपासून पसरल्या होत्या, तोंडोतोंडी आणि व्हॉट्सॲपवरूनही. त्या हत्येचे सारे कारण संदेशांत शोधणे ही अतिव्याप्ती होईल. तथापि असा संदेश अनोळखी गर्दीकडून येत नाही. तो मेहुण्याकडून, शेजाऱ्याकडून येतो आणि म्हणूनच खरा मानला जातो. जिव्हाळा हाच तेथे अफवेचा वाहक होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच जणांचे बळी गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती, एक संदेश पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा घातली. हा उपाय संख्येचा आहे. मूळ मजकूर कोणाचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

वसईच्या सार्वजनिक जीवनात हा प्रश्न निराळ्या रूपात पूर्वीच आलेला आहे. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि अनेक गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा २९ गावे वगळावीत म्हणून गावकऱ्यांनी दीर्घ लढा दिला. त्यांची मागणी केवळ आपलेपणाची नव्हती. ग्रामसभेत सरपंचाला प्रश्न विचारता येतो, हिशेब मागता येतो, हा तिचा गाभा होता. व्हॉट्सॲप-गटाच्या ‘ॲडमिन’ला असा हिशेब कोण मागतो? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात संपादिलेले ‘सुवार्ता’ हे मासिकही एका विशिष्ट समाजातूनच निघे; पण संपादकाचे नाव, पत्ता आणि मत ही तिन्ही वाचकापुढे असत, व त्यामुळे त्याच्याशी भांडता येई.

मालकीचा मुद्दाही याच्याशीच निगडित आहे. ऑर्कुटवरील समुदाय जिव्हाळ्यात कमी नव्हते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी कंपनीने ती सेवा बंद केली आणि सभासदांचे बिऱ्हाड उठले. उलट १९९६ मध्ये सुरू झालेली ‘मायबोली’ मराठी माणसांच्याच हाती असल्याने अद्याप चालू आहे, आणि तेथील जुनी चर्चा आजही वाचता येते. कुपारी समाजाची सामवेदी (हिलाच कादोडी म्हणतात) किंवा वाडवळी यांसारख्या बोलींच्या बाबतीत तर हा भेद निर्णायक आहे. विराट मंचावर प्रमाण मराठीत लिहिणारा मनुष्य घरच्या गटात बोलीत लिहितो, आणि शाळेत कधी न शिकविलेल्या उच्चारांना देवनागरी वळण शोधतो. भाषाभ्यासकाला हे लेखन अमोल वाटावे असे आहे. पण ते आहे कोठे? खाजगी दूरध्वनींत, ज्यांची प्रत कोणत्याही ग्रंथालयात नाही, आणि संच बदलताना जे बहुधा पुसलेच जाते.