उसने आणि आपले

न्यूयॉर्कच्या ‘टॉकिंग हेड्स’ या न्यू वेव्ह बँडची १९८० ची ‘रिमेन इन लाइट’ ही ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकली. गाणी आठच. स्वरसंगती क्वचित बदलते. एकाच ठेक्यावर थरावर थर चढतात. ही चाल नायजेरियाच्या फेला कुटींकडून घेतलेली. ‘वन्स इन अ लाइफटाइम’मध्ये डेव्हिड बर्न रेडिओवरील धर्मोपदेशकाच्या लयीत, स्वतःच्याच घरात परका झालेला माणूस उभा करतात; तिथे उसने आपले होते. शेवटचे ‘द ओव्हरलोड’ मात्र मला रेंगाळलेले वाटते. २०१८ मध्ये बेनिनच्या अँजेलिक किजो यांनी आठही गाणी आपल्या भाषांची भर घालून गायिली. ऋण सव्याज फिटले. शेजारभाषेचे शब्द घरात रुळवणाऱ्या आपल्याला एवढे तरी उमगावे : उसने घेण्यात कमीपणा नाही, विसरण्यात आहे.